मोटर घुमते पण उचलत नाही: ड्रायरच्या दुरुस्तीच्या नोंदी

पहिला शनिवार

जुलैचा दुसरा आठवडा. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर ज्यावरून जोखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होते आणि आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली तीन दिवसांचे कपडे लटकत होते. ड्रायरने दगा द्यायला हाच मुहूर्त निवडला. मशीन ७ किलोचं, व्हेंटेड, म्हणजे दमट गरम हवा मागच्या पाइपातून बाहेर फेकणारं. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांकडून पाच वर्षांपूर्वी जुनंच घेतलेलं. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण आतली रचना अशाच प्रकारच्या बऱ्याच मशीनांत थोड्याफार फरकाने सारखी असते.

लक्षण असं: बटण दाबलं की दोन-तीन सेकंद ‘हूंऽऽ’, मग रिलेची, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची टिक, मग मोटर फॉल्टचा कोड. ड्रम जागचा हलत नाही.

मेकॅनिक आला, कोड बघितला आणि स्क्रू ड्रायव्हर खिशातून न काढता म्हणाला, “साहेब, मोटर गेली. साडेआठ हजार.” मशीन न उघडता मोटर गेल्याचं कळतं, ही विद्या मला अजून आलेली नाही. चहा पाजून त्याला निरोप दिला.

कोडचा अर्थ एवढाच, की कार्डाने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्किट बोर्डाने मोटर चालू करायचा हुकूम सोडला आणि ठरलेल्या वेळात टॅकोकडून, म्हणजे मोटरच्या वेगाच्या सेन्सरकडून, शाफ्ट फिरल्याची खूण आली नाही. ड्रम अडकलेला असो, मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा कंडेन्सर (कपॅसिटर) बसलेला असो, वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तांब्याची गुंडाळी तुटलेली असो, टॅको मुका झालेला असो, की कार्डाचीच वीज मोटरपर्यंत पोचत नसो, कोड एकच.

रविवार

प्लग काढून, मशीन भिंतीपासून ओढून मागचं पॅनल खोललं. आधी कंडेन्सरच्या दोन टोकांवर १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर धरला आणि मीटरवर शून्य बघूनच हात आत घातला. प्लग काढला तरी कंडेन्सर झटका देऊ शकतो, हे मी कॉलेजात असताना एका कूलरकडून शिकलोय.

आत लिंट, म्हणजे कपड्यांचा सुटलेला तंतुमय कचरा किती? मूठभर नव्हे, छोटी उशी भरेल इतकं. या मशीनमध्ये एकाच मोटरच्या एका टोकाला ड्रमचा बेल्ट आणि दुसऱ्या टोकाला हवेचा पंखा आहे, त्यामुळे कचरा मोटरच्या अंगावरच येतो. ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन पाऊण तास त्यातच गेला. ड्रम हाताने मोकळा फिरत होता, बेल्टची सातही उभी शिरं शाबूत.

मग मल्टीमीटर. मोटरला तीन तारा. कॉमन ते एक टोक २२.४ ओहम, कॉमन ते दुसरं टोक २२.८, दोन टोकांमध्ये ४५.२. बेरीज जुळली, म्हणजे वाइंडिंग कुठे तुटलेलं नाही. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असण्याला कारण आहे. कपड्यांचा गुंडाळा होऊ नये म्हणून ड्रम मधूनमधून उलटा फिरवतात. कंडेन्सर दोन टोकांच्या मध्ये बसतो आणि रिले ज्या टोकाला थेट लाइन देईल त्यावर दिशा ठरते. तेव्हा इथे दोन बाजूंत मोठा फरक दिसला असता तर त्या मेकॅनिकला परत बोलवावं लागलं असतं. वीज बॉडीत झिरपते का हे तपासायला मित्राचा ५०० व्होल्टचा मेगर आणला होता. वाइंडिंग ते बॉडी शंभर मेगाओहमच्या वर. टॅकोच्या दोन तारांवर मीटर एसी मिलिव्होल्टला लावून शाफ्ट हाताने गरकन फिरवला, आकडे उड्या मारायला लागले. टॅको बोलतोय.

उरला कंडेन्सर. अंगावर छापलंय ९ मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के, ४५० व्होल्ट. मीटरवर ४.७. ना फुगलेला, ना गळलेला, बाहेरून अगदी सभ्य. मोटर घुमते पण उचलत नाही, याचा उलगडा झाला. कंडेन्सर निम्मा झाला की सुरुवातीचा रेटा मिळत नाही, वीज आत जाते आणि मोटर जागच्या जागी हूं करत तापते.

सोमवार संध्याकाळ, सातपूर

मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दारातच दिंडोरी-निफाडकडच्या शेतपंपांचे स्टेटर (मोटरचे न फिरणारे, गुंडाळीचे भाग) रांगेने मांडलेले, वार्निशचा वास, आणि पाठ न वळवता काकांचा प्रश्न: “पंख्याचा का पाण्याच्या मोटारीचा?”

“ड्रायरचा. ९ चा.”

“९ कुठनं आणू? ८ घ्या नाहीतर १० घ्या. काय होत नाही.”

होत काही नाही हे बहुतेक खरं, पण १० म्हणजे ११ टक्के जास्त, ८ म्हणजे तेवढाच कमी, आणि छापलेली मुभा ५ ची. मूळ माल ऑनलाइन मागवला तर आठ दिवस, घरात ओले टॉवेल. काउंटरवर बोट फिरवताना सुचलं की कंडेन्सर पॅरलल जोडले की त्यांची बेरीज होते. कूलरचा ६ आणि छताच्या पंख्याचा ३.१५. बेरीज ९.१५, मुभेच्या आत. दोन्ही ४४० व्होल्ट एसीचे. काकांनी पहिल्यांदा मान वर केली. “डोकं लावलं की तुम्ही.” दोन्ही मिळून दोनशेच्या आत.

घरी येऊन जोडले, टोकांवर स्लीव्ह चढवली, जुन्या क्लिपमध्ये ६ चा बसला आणि धाकट्याला झिप टायने बांधलं. मीटरवर ९.१. पॅनल लावून बटण दाबलं, ड्रम पहिल्या झटक्यात फिरला. आईने आतून विचारलं, “झालं का रे?” मी “हो” म्हणालो. घाई झाली.

मंगळवार ते शुक्रवार

बारा मिनिटांनी परत तोच कोड. नंतरच्या दिवसांत कधी आठ मिनिटांनी, कधी वीस. कंडेन्सर पुन्हा मोजला, ठणठणीत. आता खरं सांगतो, बुधवारी रात्री मोटरच्या किमती बघून झाल्या होत्या.

मार्ग सापडला तो कानामुळे. शुक्रवारी स्टूल घेऊन मशीनशेजारी बसलो. मोटर सरळ फिरत असताना कोड एकदाही आला नाही. ती थांबते, उलटं फिरायचं म्हणून रिले टिक करतो, आणि मग काहीच नाही. ‘हूं’ सुद्धा नाही. तीन सेकंदांनी कोड. आधीच्या रोगात आवाज होता, या रोगात शांतता. कोड तोच असला तरी हे दुखणं वेगळं. घुमत असेल तर वीज पोचतेय आणि जोर कमी पडतोय. घुमतच नसेल तर वाटेत कुठेतरी तार, टर्मिनल, रिले.

दुसरा शनिवार

खात्रीसाठी झिरोचा बल्ब काढला, तोच १५ वॅटचा, देवघरात असतो तो. होल्डरच्या तारा मोटरच्या कॉमनवर आणि उलट दिशेच्या टोकावर जोडून, पॅनलच्या फटीतून बाहेर काढून, पॅनल पुन्हा घट्ट लावलं. सरळ फिरताना बल्ब नेहमीपेक्षा जरा जास्तच उजळ, कारण त्या टोकावर कंडेन्सरमार्गे येणारा दाब लाइनपेक्षा चढा असतो. दहा मिनिटांनी मोटर थांबली, बल्ब विझला, रिले टिक, आणि बल्ब काळा. म्हणजे मोटर सुटली, कार्ड अडकलं.

प्लग काढून कार्ड उतरवलं. नशिबाने यावर रेझिन ओतलेलं नव्हतं. मागची बाजू खिडकीच्या उजेडात वाकडी धरून आजोबांच्या वाचायच्या भिंगातून बघितली. उलट दिशेच्या रिलेच्या जाड पिनभोवती केसाएवढी काळी रेघ, सोल्डरमध्ये पूर्ण गोल फिरलेली. पिन बोटाने दाबली की रेघ मिटते, सोडली की उघडते. गार असताना टेकलेली असायची, पाच-दहा मिनिटांत गरम झाली की सुटायची.

जुनं सोल्डर ओढून काढलं, पिन ब्लेडच्या पाठीने खरवडली, फ्लक्स लावून ६०/४० चं (कथील-शिशाचं) नवीन सोल्डर भरलं. शेजारच्या रिलेची तीच पिनही त्याच दमात केली, तिलाही रेघ धरायला लागली होती.

दोन बिघाड एकाच वेळी कसे? माझा अंदाज: कंडेन्सर कमजोर होत गेला तशी मोटर दर वेळी उचलायला वेळ घेऊ लागली. तेवढा वेळ चढा करंट त्या पिनमधून जात राहिला, आणि पिन तापून-गार होऊन सोल्डर थकलं. सिद्ध करता येणार नाही, पण कुणाच्या ड्रायरमध्ये कंडेन्सर अर्धा झालेला निघाला तर कार्डाची मागची बाजूही भिंगाखाली बघावी.

आजची स्थिती

नऊ दिवस, अकरा लोड, कोड एकदाही नाही. मेगर परत केला. झिरोचा बल्ब देवघरात परत लावला, दोन दिवस तो कुठे गेला म्हणून बोलणी खाऊन झाल्यावर.

बाकी आहे ती बेल्टला ताण देणारी पुली. मशीन गार असताना पहिली दोन मिनिटं चिमणीसारखी चिवचिवते, मग गप्प होते. पुली काढून बेअरिंगचा नंबर उतरवून घेतलाय, सोमवारी सातपूरला काकांकडेच विचारतो.