सेंट्रल हीटिंग रिकामं केलं: एका शनिवार-रविवारची नोंद

शनिवार, सकाळी नऊ. इंग्लंडमधल्या रेडिंगचं आमचं घर 1960च्या दशकातलं. तळमजल्याला काँक्रीटची जमीन आहे, त्यामुळे हीटिंगचे, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी खोल्यांतल्या रेडिएटरांत नेणारे, पाइप वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून फिरतात आणि तिथून भिंतीला धरून खालच्या रेडिएटरांपर्यंत उतरतात. हे आधीच सांगतोय, कारण दुपारचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

बैठकीतला मोठा रेडिएटर गेल्या हिवाळ्यात वरून चटका बसेल इतका तापायचा आणि खाली मधोमध थंडगार असायचा. गाळ बसल्याची ही नेहमीची खूण. शिवाय दोन व्हॉल्व्ह पाझरत होते. थंडी पडायच्या आत सगळं पाणी काढून घ्यायचं ठरवलं.

बॉयलर रात्रीच बंद करून पाणी निवू दिलं होतं. सकाळी भिंतीवरच्या स्विचमधला 3 अँपचा फ्यूज काढून खिशात टाकला, म्हणजे घरातलं कुणी चुकून चालू करणार नाही. पाण्याची वाट विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दोन्ही मोटराइज्ड व्हॉल्व्हचे खटके हाताने सरकवून उघडे अडकवले. ते बंद राहिले तर त्यांच्यामागचं पाणी तिथंच अडून बसतं. रेडिएटरांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. बॉयलरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. गॅसचं काम ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधल्या कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाचंच.

पुढच्या दाराजवळच्या रेडिएटरखाली ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी आहे. त्याला होसपाइप क्लिपने आवळला, दुसरं टोक मागच्या दाराबाहेर बादलीत सोडलं आणि दांडीचं चौकोनी टोक पान्याने दीड फेरा सैल केलं. थेंबही आला नाही. आतला रबरी वॉशर वर्षानुवर्षं दाबून बसलेला, तो जागेलाच चिकटला होता. अशा वेळी दांडी आणखी फिरवायचा मोह होतो, पण ती पूर्ण निघाली तर पाणी होसमधून न येता थेट अंगावर येतं. म्हणून दांडीला जुना टॉवेल गुंडाळला आणि पान्याच्या मुठीने कॉकवर हलके टोले दिले. चौथ्या टोल्याला आत काहीतरी सुटलं आणि होस थरथरला.

काळं पाणी, शाईसारखं. प्रेशरचा काटा 1.2 बारवरून बघता बघता शून्यावर आला आणि धारही बारीक होत होत थांबली. पहिल्यांदा करणारा इथेच फसतो. त्याला वाटतं, झालं रिकामं. गोडेतेलाच्या डब्याला आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. इथेही तसंच आहे. मुलगी ब्लीडची, म्हणजे रेडिएटरमधली हवा सोडायची, चावी घेऊन वर उभी होती. तिने बेडरूममधल्या रेडिएटरचा ब्लीड स्क्रू उघडून त्यावर बोट धरलं आणि ओरडली, "बाबा, आत ओढतंय!" त्याच क्षणी खाली होसला जोर आला. काटा शून्यावर यायच्या आधी हा स्क्रू उघडला, तर तेच काळं पाणी भिंतीवर उडतं. क्रम महत्त्वाचा तो एवढ्यासाठी.

प्रत्येक बादली मोजून संडासात ओतली. हे पाणी बागेत किंवा रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात सोडू नये.

चार बादल्यांनंतर पाणी थांबलं. मी स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा नट सैल केला, आणि फरशीवर काळं तळं. पाइप वरून उतरत असतील तर खालचा प्रत्येक रेडिएटर म्हणजे स्वतंत्र विहीर. एक उपसली म्हणून दुसरी आटत नाही. शोधल्यावर आणखी दोन ड्रेन कॉक सापडले, त्यातला एक स्कर्टिंगमागे दडवलेला. घराच्या आधीच्या मालकाने त्यावर रंगाचे थर चढवले होते. तुमच्याकडे अशी रचना असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी घरभर फिरून सगळे कॉक मोजा. एकूण 14 लिटरच्या सहा बादल्या निघाल्या, म्हणजे सुमारे 84 लिटर.

बैठकीतला रेडिएटर तोंडं बंद करून दोघांनी अंगणात नेला. नळाचं पाणी जोरात सोडल्यावर तळातून मऊ काळा चिखल बादलीत पडू लागला. फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून बुडवलं, तर त्यावर मिशा उगवल्यासारखा चिखल उभा राहिला. हा मॅग्नेटाइट, म्हणजे आपल्याच रेडिएटरचं पोलाद, आतून गंजलेलं. वीस मिनिटांनी पाणी नितळ झालं.

सिस्टिम रिकामी असताना एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारं हवेचं भांडं, तपासायची संधी दवडू नका. आमचं व्हेसल गरम पाण्याच्या टाकीशेजारी, बॉयलरच्या बाहेर आहे. गाडीच्या टायरचा गेज लावला तर जेमतेम 0.3 बार. सायकलच्या पंपाने 1 बारपर्यंत भरलं. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं असतं, तर आतला पडदा फाटला असं समजून व्हेसलच बदलावं लागलं असतं.

रविवार. पाझरणारे दोन्ही व्हॉल्व्ह नवे बसवले आणि तिन्ही कॉकचे वॉशर बदलले. इन्हिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, 100 लिटरला एक लिटर या हिशेबाने धुतलेल्या रेडिएटरमध्ये आधीच ओतलं. बादल्या मोजल्या होत्या त्या यासाठीच. फिलिंग लूप, म्हणजे नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची नळी, अगदी थोडा उघडून भरलं, हवा आधी खालच्या आणि मग वरच्या रेडिएटरांची काढली. 1.2 बारला थांबलो आणि लूप काढून ठेवला. संध्याकाळी बैठकीतला रेडिएटर तळापर्यंत सारखा तापला होता; मुलगी त्याला पाठ लावून अभ्यासाला बसली.

आत्ता रात्री तिन्ही कॉकना टिश्यू पेपर गुंडाळलाय. सकाळी ते कोरडे निघाले, तर असा काळा चिखल चुंबकाने धरणाऱ्या मॅग्नेटिक फिल्टरसाठी पाइपवरची जागा आखायला घेईन.