भूतानला जाताय? आधी उंचीचा हिशेब करा

आकाराने भूतान आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाचपट भरेल, पण तिथली माणसं मोजली तर आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच. बाकी सगळा डोंगर. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर कापायला अर्धा दिवस जातो. तिथे किलोमीटर विचारू नका, उंची विचारा. हवा, पीक, ताटातलं जेवण सगळं तीच ठरवते.

कोल्हापुरातून पुणे किंवा मुंबई गाठायची, विमानाने बागडोगरा आणि पुढे गाडीने चार-पाच तासांत जयगाव. रेल्वेवाल्यांना हासीमारा स्टेशन जवळ पडतं. जयगाव आपलं, कमानीपलीकडचं फुंत्शोलिंग त्यांचं. प्रवेशाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर काम होत नाही. मुलांचा जन्मदाखला बरोबर ठेवा. शिवाय माणशी दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे. हा आकडा ऐकूनच आमच्या गल्लीतली काही घरं गळाली. मला मात्र ते शुल्क पटलं. गर्दी नसलेलं थंड हवेचं ठिकाण आपल्याकडे आता कुठे राहिलंय? घड्याळ अर्धा तास पुढे करायला विसरू नका.

फुंत्शोलिंग जेमतेम ३०० मीटरवर, त्यामुळे घामाघूम. आसपास सुपारीच्या बागा. तिथून रस्ता चढतो आणि संध्याकाळी थिंफूला स्वेटर अंगावर चढवावा लागतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, थिंफू शहरच २३०० मीटरच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर प्या.

याच वाटेवर देशाची तिजोरी दिसते. वांगछू नदीवर ३३६ मेगावॉटचा चुखा आणि १०२० मेगावॉटचा ताला, असे दोन जलविद्युत प्रकल्प आहेत. दोन्ही भारताच्या मदतीने उभे राहिले आणि वीज विकत घेणाराही भारतच. पावसाळ्यात नद्या फुगल्या की वीज उरते. हिवाळ्यात पाणी आटलं की भूतानलाच आपल्याकडून वीज घ्यावी लागते. निदान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील, असं तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय. धरणाला पाणी कुठून येतं ते राधानगरीकरांना सांगायला नको.

थिंफूत सिग्नल नाही. मुख्य चौकात छत्रीखाली उभा पोलीस हातवारे करतो आणि झेब्रा पट्ट्यावर पाय ठेवला की गाड्या थांबतात. बिंदू चौकात वाढलेल्या माणसाला आधी हा विनोदच वाटतो.

थिंफूहून ३१०० मीटरचा दोचुला घाट ओलांडून पुनाखात उतरलात की १२०० मीटरवर पुन्हा भातशेती! फो छू आणि मो छूच्या संगमावर १६३७ मधला जोंग उभा आहे. जोंग म्हणजे निम्मा मठ, निम्मी कचेरी. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, टोपी काढा, देवळात फोटो काढू नका.

जेवणात मिरची ही भाजी असते. चीजच्या रश्श्यात अख्ख्या मिरच्या, बरोबर लाल भात. संकेश्वरीवर पोसलेल्या आमच्या मंडळींनी पहिल्या घासाला मिशीवर ताव दिला, तिसऱ्याला पाणी मागितलं. चीजमुळे तिखट उशिरा लागतं, एवढं ध्यानात ठेवा. शाकाहारींचे हाल होत नाहीत, पण कांदा-लसूण चटणीची पुडी असू द्या.

पारो शेवटी ठेवा. तिथला तक्त्संग मठ ३१२० मीटरवर कड्याला चिकटलेला आहे. १९९८ मध्ये तो जळाला, मग पुन्हा जसाच्या तसा बांधला. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा. आठवडाभर उंचीवर राहिलेल्या शरीराला ही चढण झेपते, पहिल्याच दिवशी गेलात तर धाप लागेल. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियातून मठ बघावा, तिथूनही तो छान दिसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ असतं. जून ते सप्टेंबर टाळाच. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्यांना पावसाचं काही वाटणार नाही, पण दरडी कोसळून रस्ता बंद पडला तर परतीचं विमान चुकेल.

रुपया आणि ङुल्ट्रम एकाच भावाचे, त्यामुळे वेगळं चलन घ्यायची गरज नाही. शंभराच्या नोटा जास्त न्या. सुटे म्हणून हातात आलेले ङुल्ट्रम जयगावात चालतात, पुढे कुणी घेत नाही. तिथेच चहा-बिस्किटात संपवून टाका.