गणंग

छोले भिजत घालताना चिरंजीवांनी पातेल्यात मीठ टाकलं आणि मी दारातूनच ओरडले, "अरे, मीठ नको! शिजायचे नाहीत मग."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना म्हणजे मला आणि आईला. मीठ-आंबट शेवटी, हा आईचा नियम. दाणा दोन बोटांत चिरडून बघायचा, पीठ झालं तरच मिठाला हात लावायचा. मी तो तीस वर्षं पाळला आणि एकदाही पडताळून पाहिला नाही. पडताळून पाहण्यासारखं त्यात काही आहे, हेच कधी मनात आलं नाही.

आता गंमत अशी की घरात शंकासुर म्हणून माझीच ख्याती. घरातली पाल विषारी नसते, हे मी एकदा ऐन पंगतीत ऐकवलंय. साप दूध पीत नाही, हे व्याख्यान तर दर नागपंचमीला ठरलेलं. मांडुळाला दुसरं तोंड नसतं, शेपटी बोथट असते म्हणून तसं वाटतं, हेही त्यातच. दुसऱ्याच्या समजुती शोधायला मला चष्मा लागत नाही. आपली समजूत मात्र समजूत म्हणून दिसतच नाही. ती 'माहिती' असते.

चिरंजीव काही बोलले नाहीत. दोन वाट्या घेतल्या, दोन्हींत तेच छोले, तेच पाणी. एकीत मीठ, लिटरला एक मोठा चमचा या हिशेबाने. रात्रभर भिजवून सकाळी पाणी बदललं आणि एकाच कुकरात वर-खाली डब्यांत लावले. शिट्ट्या तेवढ्याच, आच तीच. झाकण काढल्यावर मी आधी बिनमिठाच्या डब्याकडे गेले, माझा माणूस तिथे होता ना! बहुतेक दाणे शिजलेले, पण सालं चिवट, सुटून वर तरंगणारी. चार-पाच तर गणंग, बोटाला दाद न देणारे. मिठातले छोले सालासकट लोण्यासारखे दबले. "खालच्या डब्याला जास्त वाफ लागते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबे उलटे लावले. निकाल तोच.

कारण पुढे वाचलं. कडधान्याच्या सालीत पेक्टिन असतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधून ठेवतात. भिजताना मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, बांधणी सैल होते, साल मऊ पडते. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं पाणी सुरू झालं की डाळ शिजत नाही, त्याचं मूळही तिथेच. त्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर.

मग काय, नवा मुल्ला! आईचा नियम खोटा, असं मी आठवडाभर सांगत सुटले आणि त्या भरात एकदा चिंचेचा कोळही आधीच घातला. सहा शिट्ट्यांनंतरही दाणे कडक. आंबटाने पेक्टिन विरघळत नाही, साल तशीच राहते. म्हणजे नियमाचा अर्धा भाग चोख होता. मीठ त्यात कसं शिरलं असेल? आमच्या गावच्या आडाच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे आणि मीठ यायचं ते मिठागरातलं खडेमीठ, त्यात मॅग्नेशियम असतंच. तिथे आईच्या हाताला वेगळा अनुभव आलाही असेल. हा माझा आपला तर्क. वहीत मी तो पेन्सिलीने लिहिलाय.

हो, वही केलीय, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं. कल्पना डार्विनची. आपल्या मताच्या विरोधात जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब, न चुकता टिपून ठेवी. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि अडचणीच्या तेवढ्या निसटतात, हा त्याचा अनुभव, त्याने आत्मचरित्रात लिहिलेला. माझ्या वहीत अजून दोन पानंही भरलेली नाहीत. गुलमोहर आपला नाही, मादागास्करचा. ठेचा 'पिढ्यान् पिढ्यांचा' म्हणताना जरा दम घ्यावा, मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. ज्ञानेश्वरी 1290 ची, त्या काळी तिखटाला मिरी. या नोंदी सोप्या, कारण गुलमोहर कुठलाही असला तरी माझं काही बिघडत नाही. शेजारणीबद्दलचं माझं मत मात्र दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा दूध उतू गेलं.

परवा आई राहायला आली. मिठात भिजवलेल्या छोल्यांची उसळ वाढली आणि सगळी हकिकत सांगितली. ऐंशी वर्षांची बाई, रागावेल असं वाटलं होतं. तिने दाणा दाबून पाहिला, नीट चावला. "मऊ आहे हो," एवढंच म्हणाली. जेवण उरकलं, सुपारी झाली आणि मग एकदम, "लोणच्याचंही तसंच असेल का गं?"

कशाबद्दल विचारतेय ते कळायला मला क्षणही लागला नाही. महिन्याचे ते चार दिवस, आणि माळ्याखालच्या कोनाड्यातली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली बरणी. सावली पडली तरी लोणचं नासतं म्हणायची. म्हटलं, आज सांगूनच टाकावं. "आई, मी नववीत असताना त्या दिवसांत मुद्दाम हात घातला होता बरणीत. दोन फोडी खाल्ल्यासुद्धा. लोणचं वर्षभर टिकलं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "दादऱ्याची गाठ माझी नव्हती."