आधी चोपडीत, मग कमरेला

पिस्तूल घरात आल्यावर जवळजवळ वर्षभर मी ते जवळ बाळगलं नाही. परवाना होता, पैसे भरले होते, घरची माणसं रोज विचारत होती, तरीही नाही. का, ते सांगते. नवं पिस्तूल घेणाऱ्या, विशेषतः माझ्यासारख्या पहिल्यांदाच घेणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग व्हावा.

आमची बेळगावात शहापूरला सराफीची लहानशी पेढी आहे. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, सासऱ्यांच्या आजोबांनी तेव्हा सुरू केलेली. यजमान गेल्यावर गल्ला आणि किल्ल्या माझ्याकडे आल्या. रात्री दुकान वाढवून माल घेऊन घरी जायचं तर सोबत फक्त गडी. दोनदा एकच मोटारसायकल पाठीमागे आली, तेव्हा थोरल्या दिरांनी परवान्याचा विषय काढला.

परवान्याची कथा लांबवत नाही. अर्ज, पोलीस चौकशी, उत्पन्नाचे दाखले, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. कागद कन्नडमध्ये, मला कन्नड वाचता येतं म्हणून निभावलं. ‘स्वल्प तडी री’ (जरा थांबा हो) हे वाक्य मात्र इतक्या वेळा ऐकलं की धाकटा मुलगा घरात तेच बोलायला लागला. अखेर परवान्याची पुस्तिका हातात आली. ९ मिलिमीटर बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं, हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून .३२ बोअर. माझ्या पर्समध्ये मावेल असं, देशी बनावटीचं, छोटं पिस्तूल जानेवारी २०२४ मध्ये घेतलं. सोबत मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, एकच. तेव्हा ते मला खटकलंसुद्धा नाही.

ते खटकलं सुभेदार काकांना. आमच्या गल्लीत राहतात, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. रेजिमेंटचं केंद्र इथेच कॅम्पात असल्यामुळे बेळगावात दर दोन गल्ल्यांमागे एक तरी सुभेदार भेटतोच, पण या काकांनी नोकरीची बरीच वर्षं नव्या पोरांना हत्यार शिकवण्यात घालवली. डबा उघडून त्यांनी आधी मॅगझीन काढलं, मग स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालूनही पाहिलं. मग म्हणाले, “एकच मॅगझीन? हे बिघडलं तर हातात काय राहिलं तुझ्या? अर्धा किलोचा लोखंडी ठोकळा.”

“काका, नवीन आहे हो. बिघडेल कशाला?”

“नवीन आहे म्हणूनच बिघडतंय. आणि घाई कशाला करुलालीस? आधी चालवून बघूया, मग कमरेला लाव.”

पहिली अडचण स्लाईडचीच आली. या जातीच्या लहान पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाईड एकमेकींत अडकवून धरणारी कुलुपाची रचना नसते. स्लाईडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावरच मागचा धक्का तोलला जातो. त्यामुळे पिस्तूल लहान असलं तरी स्प्रिंग कडक. मला स्लाईड अर्ध्यापर्यंतच ओढता येई. दिरांनी सरळ सांगितलं, हे बायकांच्या हाताचं काम नाही, परत कर. काकांनी मात्र माझी पकड बदलली. चिमटीत धरून ओढायचं नाही. डाव्या हाताच्या चारही बोटांनी स्लाईड वरून मुठीत घट्ट धरायची, कोपर अंगाजवळ घ्यायचं आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठच पुढे रेटायची. चापापासून बोट लांब आणि तोंड सतत सुरक्षित दिशेला. जात्याचा खुंटा बोटांच्या जोरावर फिरत नाही, खांद्याच्या जोरावर फिरतो, तसंच हे. तिसऱ्या दिवशी जमलं. ज्यांना कोणी ‘तुमच्याने होणार नाही’ म्हणून सांगितलंय त्या बायांनी आधी पकड बदलून बघावी.

मग सफाई. नवं हत्यार गंजू नये म्हणून कारखान्यातून चिकट ग्रीस फासून येतं. ते तसंच ठेवून गोळ्या झाडणं म्हणजे नव्या तव्याचं तेल न काढता त्यावर भाकरी टाकणं. माहितीपुस्तिकेप्रमाणे पिस्तूल खोललं, ग्रीस पुसलं, घासणाऱ्या जागी पातळ तेलाचे एकेक थेंब दिले. पंधरा दिवस रोज संध्याकाळी नकली काडतुसं भरून स्लाईड पन्नास वेळा ओढायची आणि सोडायची. खऱ्या गोळ्या त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात. हा नियम काकांचा, आणि तो मी आजही मोडत नाही.

खरी परीक्षा गोळी झाडूनच होणार, आणि इथे आम्हा सीमाभागातल्या लोकांची एक वेगळीच अडचण आहे. माझी भाची कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर एअर पिस्तूल शिकते. कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव. तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलेली राही सरनोबत, पॅरिस ऑलिंपिकचा स्वप्नील कुसाळे, सगळी त्याच मातीतली. हमरस्त्याने दोन तासांत पोचता येतं. पण माझ्या परवान्यावर क्षेत्र लिहिलंय कर्नाटक. निपाणी ओलांडून कोगनोळीच्या नाक्यापुढे मी लग्नाला जाऊ शकते, देवीला जाऊ शकते, पिस्तूल घेऊन नाही. पाहुणे म्हणाले, कोण बघतंय? मी बघते ना. म्हणून उलट्या दिशेला, धारवाडच्याही पुढे, परवानगी असलेल्या एका क्लबच्या रेंजवर जायचं ठरलं. शेतात किंवा डोंगरात जाऊन झाडून बघ, असंही काहींनी सुचवलं. ते बेकायदा तर आहेच, आणि गोळी कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही.

पहिल्या दिवशी चाळीस गोळ्या नेल्या. हत्यारांच्या दुकानात एकदा मला रिव्हॉल्वरच्या .३२ काडतुसांचा डबा काढून दिला होता. आकडा तोच, पण काडतूस लांब आणि आकाराने वेगळं. रिव्हॉल्वरचं पिस्तुलाला चालत नाही, डब्यावरचं पूर्ण नाव वाचूनच घ्यावं. एका काडतुसाच्या किमतीत दोघांचा नाश्ता होतो आणि वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावर बांधून दिलेलं असतं, म्हणून मी दर गोळीचा हिशेब चोपडीत मांडला. पेढीवर जशी खाती असतात तशीच. तारीख, मॅगझीन, कितवी गोळी, काय झालं.

चाळीसपैकी सहा वेळा अडलं. तीनदा स्लाईड पुढे येता येता केसभर आधी थांबली. दोनदा मॅगझीनमधल्या आठातली शेवटची गोळी वर चढलीच नाही. आणि एकदा मॅगझीनमध्येच दोन काडतुसं एकमेकांत गुंतून बसली, काही केल्या हलेनात. प्रत्येक वेळी तोंड लक्ष्याकडेच ठेवून, बोट बाहेर, मॅगझीन काढून मोकळं करायचं. हात थरथरत होता. रस्त्यात असं झालं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्या गुंतण्याचं कारण काकांनी परतीच्या वाटेवर, धारवाडला चहाच्या टपरीवर, दोन रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ठेवून दाखवलं. हे काडतूस ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन शस्त्र-रचनाकाराने १८९९ च्या सुमाराला बनवलेलं. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर स्लाईड वरचं पुढे ढकलते आणि कडेला कड अडकते. भाकरीवर भाकरी रचावी तसं दाबत जायचं नाही. नवं काडतूस आधीच्याच्या पुढच्या भागावर ठेवून खाली दाबायचं आणि मग मागे सरकवायचं, म्हणजे वरची कड पुढे राहते. भरून झालं की मॅगझीनची पाठ तळहातावर हलकेच आपटायची. एवढ्या लहानशा गोष्टीने तो दोष पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या फेरीला, फेब्रुवारीत, पन्नास गोळ्यांत दोन अडथळे, आणि दोन्ही आठव्या गोळीला. स्लाईड आता स्वच्छ बसत होती. म्हणजे पिस्तूल रुळलं, दोष उरला मॅगझीनचा. पण दुसरं मॅगझीन लावून पाहिल्याशिवाय हे छातीठोक सांगणार कसं?

दुसरं मॅगझीन मिळवायला मी सहा महिने घालवले. ज्या दुकानातून पिस्तूल घेतलं तिथे सुटं मॅगझीन नव्हतं. “लिहून पाठवतो” म्हणाले. हुबळीच्या एका दुकानात जुन्या विलायती पिस्तुलाचं मिळालं. बोअर तोच, गोळ्याही तेवढ्याच, पण खटका अडकण्याची खाच दोनेक मिलिमीटर वर. आत जायचं, टिकायचं नाही. मॅगझीन बोअरवरून घ्यायचं नसतं, मॉडेलवरून घ्यायचं असतं, हे तिथे पैसे न घालवता शिकले.

मग उद्यमबागचा सल्ला आला. बेळगावात राहून तो न येता तरच नवल. तिथल्या कारखान्यांत क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिकच्या पंपापर्यंत काय होत नाही? एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “वहिनी, नमुना द्या, आठ दिवसांत हुबेहूब करून देतो.” त्यांची भावना चांगली होती. पण शस्त्र कायद्यात हत्याराचे भागही शस्त्रातच मोजले जातात, आणि विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. एका पत्र्याच्या डबीपायी मी त्यांनाही तुरुंगात घातलं असतं आणि मलाही. हात जोडून नाही म्हटलं आणि का ते समजावून सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मधेच १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली. खानापूर भागातल्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. निवडणुकीत बंदूक पोलिसात आणि रानडुकरं शेतात. मी जमा करताना पावतीवर ‘मॅगझीन एक’ असं वेगळं लिहून घेतलं. लिहिणारे जरा वैतागले, पण त्यांनी लिहिलं. आमच्याकडे ७ मे ला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, आणि पिस्तूल हातात आलं तेव्हा बेळगावचा पाऊस सुरू झालेला. स्लाईडच्या खाचेत आणि मॅगझीनच्या तळाशी तांबूस गंज धरला होता. मला रडूच आलं. तेल आणि मऊ कापडाने तासभर घासून निघाला, डाग एक राहिला आहे. जमा करण्याआधी तेलाचा हात फिरवून, मेणकापडात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून द्या. चामड्याच्या म्यानात घालून देऊ नका, चामडं ओल धरतं.

ऑगस्टअखेर, गौरी-गणपतीच्या तयारीच्या गडबडीत, दुकानदाराचा फोन आला. दोन मॅगझीन आली होती. पुस्तिका दाखवून, त्यांच्या नोंदवहीत सही करून, पक्की पावती घेऊन आणली. घरी येऊन पहिलं काम म्हणजे तिन्हींच्या बुडाला नेलपॉलिशने ठिपके दिले. एक, दोन, तीन. चोपडीत तिघांची तीन खाती उघडली.

ऑक्टोबरात रेंजवर तिन्हींची पाळी लावली. प्रत्येकी पाच वेळा पूर्ण भरून, म्हणजे चाळीस-चाळीस गोळ्या. खर्चाचं दुखलं, पण कसोटीच्या दगडावर सोनं घासताना चिमूटभर झिजतंच, म्हणून कोणी कस लावायचं सोडत नाही. दोन ठिपक्यांचं चाळीसच्या चाळीस. तीन ठिपक्यांचं पहिल्या फेरीत एकदा अडलं, मग नाही. एक ठिपक्याचं, मूळ डब्यातलं, पुन्हा दोनदा आठव्या गोळीलाच. काकांनी तिघांत नकली काडतूस घालून दाबून पाहायला लावलं. पहिल्याची स्प्रिंग शेवटच्या टप्प्यात सैल पडत होती, बोटाला कळत होती. दोष पिस्तुलाचा नव्हताच. इतके महिने मी त्याच्यावर संशय घेत होते.

नोव्हेंबरात आणखी एकदा जाऊन तीन ठिपक्यांच्या मॅगझीनने पुन्हा चाळीस झाडल्या. एकही अडली नाही. त्या रात्री दुकान वाढवताना पहिल्यांदा पिस्तूल सोबत घेतलं. दोन ठिपक्यांचं आत, तीन ठिपक्यांचं पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात, गोळ्यांची टोकं पुढे. घरी आल्यावर आधी कुलपाची पेटी, मग चप्पल.

एक ठिपक्याचं मॅगझीन फक्त सरावाला आहे. त्याच्या नव्या स्प्रिंगसाठी दुकानात अर्ज दिलाय, पावती चोपडीत त्याच्या खात्याच्या पानाला टाचून ठेवली आहे.