टिळकांच्या सूनबाई म्हणूनच ना?

मी काही वर्षं पुणे महापालिकेची बातमीदारी केली. हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "मुक्ता टिळक महापौर झाल्या त्या आडनावामुळेच ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आडनावाचा उपयोग झालाच. केसरीवाड्याची, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या घरची सून मतं मागायला आली तर नारायण पेठेत दार कोण लावून घेणार? पण याच घराण्यातले रोहित टिळक २००९ आणि २०१४ मध्ये काँग्रेसकडून कसबा विधानसभा मतदारसंघात उभे राहिले आणि दोन्ही वेळा भाजपच्या गिरीश बापटांपुढे पडले. पेठेतला मतदार लोकमान्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि मत चिन्ह बघून देतो.

मुक्ताताई २००२ मध्ये पहिल्यांदा नगरसेवक झाल्या आणि एकूण चार वेळा निवडून आल्या. पेठेतल्या नगरसेवकाचा दिवस म्हणजे तुंबलेलं ड्रेनेज, तिसऱ्या मजल्यावर न चढणारं पाणी, भाडेकरू आणि मालकाच्या भांडणात अडकलेला वाडा. त्यात घराणं कामाला येत नाही, वॉर्ड ऑफिसातला ज्युनिअर इंजिनिअर फोन उचलतो की नाही ते महत्त्वाचं.

२०१७ मध्ये भाजपने १६२ पैकी ९८ जागा जिंकल्या आणि महापौरपद महिलेसाठी राखीव होतं. पुण्याला भाजपचा पहिला महापौर मिळाला तो असा.

पण महापौर झालं म्हणून हातात काय येतं? आपल्या कायद्यात कारभार आयुक्तांचा, निविदांची मंजुरी स्थायी समितीची. महापौर सभागृह चालवणार, म्हणजे आसनासमोर रिकामे हंडे घेऊन घोषणा देणाऱ्यांना "जागेवर बसा" सांगणार. शिव्या मात्र अख्ख्या शहराच्या खाणार. त्यांच्याच काळात चोवीस तास पाण्यासाठी पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजली, कौतुक झालं. काम रेंगाळलं आणि व्याज सुरू झालं, तेव्हा विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. माझ्या मते तो राग रास्त होता. फक्त तो एकट्या महापौरांवर काढणं सोपं पडायचं, एवढंच.

आणि आडनावाचा ताप म्हणाल तर २०१७ चा गणपती आठवा. पालिकेने सार्वजनिक गणेशोत्सवाचं १२५ वं वर्ष साजरं करायचं ठरवलं. भाऊ रंगारी या पुण्यातल्या जुन्या गणपती मंडळाचं म्हणणं, उत्सव १८९२ मध्ये आमच्याकडे सुरू झाला. टिळकांना जनक म्हणू नका, आणि वर्षही चुकलंय. वाद कोर्टापर्यंत गेला. महापौर टिळकांच्या घरातल्या! काही बोललं तर घरचं राजकारण, गप्प बसलं तर घरच्याच वारशाकडे पाठ. पुण्यात याहून अवघड जागेचं दुखणं नसेल.

२०१९ मध्ये त्या कसब्यातून सुमारे २८ हजार मतांनी आमदार झाल्या. पुढे कर्करोग. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानाला त्या पुण्याहून रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या. पक्षाने इतक्या आजारी माणसाला आणावं का, यावर न्यूजरूममध्ये आमची बरीच वादावादी झाली. मला ते पटलं नव्हतं. पण त्यांच्या हट्टाला मी आजही नावं ठेवणार नाही. २२ डिसेंबर २०२२ ला त्या गेल्या.

पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवारी टिळकांच्या घरात दिली नाही, हेमंत रासनेंना दिली. त्यावर पेठांत नाराजीचे फलक लागले. निकाल लागला तो काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांच्या बाजूने.