तीन चांदण्यांचा प्रवेश

शाळेत आम्हाला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' होतं. वर्गातल्या प्रत्येक पुस्तकात प्रवेशांच्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने चांदण्या काढलेल्या असत. एक चांदणी म्हणजे 'येऊ शकतं', दोन म्हणजे 'येतंच'. तीन चांदण्या मात्र एकाच प्रवेशाला होत्या : तिसरा अंक, दुसरा प्रवेश. सीझरच्या अंत्यविधीला आधी त्याला कट करून मारणाऱ्या ब्रूटसचं भाषण, मग सीझरचा मित्र अँटनीचं. नाटकात एकूण 18 प्रवेश. चांदण्या मिळाल्या सहांना, बाकीचे ऑप्शनला.

अँटनीचं ते भाषण मला अजूनही मधूनच कुठूनही सुरू करता येतं. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात, हे लिहिलं की एक गुण. ब्रूटस सन्माननीय आहे असं अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो आणि दर खेपेला त्या शब्दाचा अर्थ थोडा थोडा उलटत जातो, हे लिहिलं की आणखी दोन. उपरोधाची व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती. पण ते वाक्य उपरोधाने म्हणून बघावं, असं काही कुणाला सुचलं नाही. सगळे पाढ्यांच्या चालीवर म्हणायचे. अँटनी तसा बोलला असता तर रोमचे लोक जांभया देत घरी गेले असते.

पहिल्याच प्रवेशात एक चांभार आहे, भलता विनोदी. आपण 'सोल' दुरुस्त करतो म्हणतो. बुटाचा तळ तो सोल आणि आत्मा तोही सोल. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, देवनागरीत मात्र ते अक्षरशः एकच. एवढा आयता विनोद. आम्ही तो 'श्लेष, एक गुण' असं लिहून मिटवला.

1599 च्या सप्टेंबरात थॉमस प्लाटर नावाच्या एका स्विस प्रवाशाने लंडनमध्ये सीझरचं नाटक पाहिलं. खेळ संपल्यावर नटांनी झकास नाच केला, असं तो लिहून गेला आहे. एवढे खून, आत्महत्या, आणि वर नाच! आम्हाला नाटक संपल्यावर रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

चौथ्या अंकातल्या तंबूच्या प्रवेशाला दोन चांदण्या होत्या. त्या ब्रूटस आणि कटातला त्याचा साथीदार कॅशियस यांच्या भांडणाला, आणि शेवटी येणाऱ्या सीझरच्या भुताला. या दोहोंच्या मधलं अर्धं पान परीक्षेला कधी येत नसे, म्हणून आम्ही ते कधी वाचलं नाही. हरवलं म्हणून शोधत असलेलं पुस्तक ब्रूटसला आपल्याच झग्याच्या खिशात सापडतं. ल्युशियस नावाचा पोऱ्या त्याच्यासाठी वाद्य वाजवायला बसतो आणि वाजवता वाजवताच पेंगतो. ब्रूटस त्याला उठवत नाही. झोपेत हलला तर वाद्य मोडेल, म्हणून ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतो आणि पुस्तकात दुमडलेलं पान शोधू लागतो. रोमन माणसाकडे गुंडाळीऐवजी पानांचं पुस्तक कसं, असा प्रश्न एखाद्या चिकित्सकाने विचारावा. मी त्या दुमडलेल्या पानावरच थांबलो. खंजीर चालवलेला हाच तो हात.

पण खरी चुटपुट लागली ती तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाने. जेमतेम पानभर. तीन चांदण्यांच्या प्रवेशाला अगदी लागून, म्हणूनच कदाचित सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला. अँटनीच्या भाषणाने पेटलेला जमाव रस्त्यावर आहे आणि त्याच्या तावडीत सिना नावाचा एक कवी सापडतो. जमाव त्याला चार प्रश्न विचारतो : नाव काय, चाललास कुठे, राहतोस कुठे, लग्न झालंय की ब्रह्मचारी? वर सूचनाही देतो : उत्तरं थेट दे, थोडक्यात दे, शहाणपणाने दे आणि खरी दे. जगातल्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापावं असं.

बिचारा सगळी उत्तरं बरोबर देतो. ब्रह्मचारी आहे, सीझरच्या अंत्यविधीला चाललोय, मित्र म्हणून, राहतो कॅपिटॉलजवळ, नाव सिना. झालं! कटवाल्यांतही एक सिना होता. तो मी नव्हे, मी कवी, असं हा ओरडून सांगतो, तर एक जण म्हणतो, मग वाईट कवितांबद्दल फाडा याला! नाव तर तेच आहे ना, मग पुरे. 1937 मध्ये ऑर्सन वेल्सने न्यूयॉर्कमध्ये हे नाटक आधुनिक कपड्यांत बसवलं, तेव्हा प्रेक्षकांच्या अंगावर आला तो हाच प्रवेश.

ते जुनं पुस्तक परवा हाताला लागलं. अँटनीच्या भाषणाची पानं बोटांनी काळी पडलेली, शब्दाशब्दाखाली रेघा. उलटून पुढे गेलो तर सिनाचं पान कोरं करकरीत. फक्त समासात, वरच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात दोन शब्द : 'सोडून द्या'.