मशीन, स्टॉक आणि मटेरियल : मास्टरकॅममधील पहिल्या मांडणीचा माझा अनुभव

आमच्या वर्कशॉपमध्ये मी आधी ड्रॉइंगचे काम पाहत असे, त्यामुळे सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅमिंग माझ्याकडे आले तेव्हा मास्टरकॅम या सॉफ्टवेअरमध्ये भाग काढणे मला अवघड गेले नाही. अडलो ते त्याच्या आधीच्या पायरीवर. कोणत्या मशीनवर काम होणार, कच्चा माल किती मोठा आहे आणि तो कशाचा आहे, या तीन गोष्टी सॉफ्टवेअरला सांगणे म्हणजे चार खिडक्या भरण्याचे काम अशी माझी समजूत होती, आणि म्हणून पहिल्या जॉबला मी त्यांना जेमतेम दहा मिनिटे दिली. जॉब साधाच होता : सी४५ पोलादाची १५० × ८० × २२ मिलिमीटरची प्लेट, मधोमध १० मिलिमीटर खोल पॉकेट (खाच) आणि चार कोपऱ्यांत चार भोके.

मशीन निवडल्याशिवाय मास्टरकॅममध्ये टूलपाथचे, म्हणजे टूल कोणत्या मार्गाने फिरेल ते ठरवण्याचे, पर्यायच दिसत नाहीत. मिल, लेथ, वायर, राउटर असे प्रकार समोर येतात. आमचे मशीन तीन अक्षांचे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मिलिंग मशीन) असल्यामुळे मी मिलखालचे डीफॉल्ट निवडले आणि पुढे गेलो. त्या एका निवडीबरोबर मशीन डेफिनिशन, कंट्रोल डेफिनिशन आणि पोस्ट प्रोसेसर (टूलपाथचे मशीनच्या कोडमध्ये रूपांतर करणारा, थोडक्यात पोस्ट) अशा तीन फाइल जॉबला जोडल्या जातात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. मी घेतलेल्या संचातला पोस्ट चौथ्या, म्हणजे फिरत्या अक्षासाठीही तयार केलेला होता, त्यामुळे जी५४ (जॉबचे शून्य कुठे ते सांगणारा कोड) असलेल्या ओळीत एक्स आणि वायनंतर ‘ए०.’ असा शब्द उमटला. आमच्या कंट्रोलला ए अक्ष ठाऊकच नाही; प्रोग्रॅम त्या ओळीवर आला आणि अलार्म देऊन थांबला. मी तो शब्द हाताने खोडून वेळ मारून नेली, पण पुढच्या प्रोग्रॅममध्ये तो खोडायला विसरलो आणि तोच अलार्म पुन्हा आला. तेव्हा कुठे मशीन ग्रुपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मी फाइल्सच्या पानावर आमच्या कंट्रोलला जुळणारे डेफिनिशन आणि पोस्ट लावून घेतले. त्याच वेळी प्रत्येक अक्षाची धाव आणि स्पिंडलची ८००० आरपीएमची कमाल मर्यादा मशीनच्या पुस्तिकेतून पाहून डेफिनिशनमध्ये भरली. हे काम एका मशीनसाठी एकदाच करावे लागते, म्हणून ते सवडीने करावे.

स्टॉक, म्हणजे कच्चा माल. स्टॉक सेटअपमध्ये आयताकृती ठोकळा निवडून बाउंडिंग बॉक्सचे बटण दाबले की मापे आपोआप भरली जातात, परंतु ती तयार भागाची असतात, कच्च्या मालाची नव्हे. माझ्या हातातली प्लेट करवतीने कापलेली, १५४ × ८४ × २५ मिलिमीटरची होती. लांबी-रुंदी दुरुस्त करणे सोपे होते. जाडीतले जादा ३ मिलिमीटर वर-खाली कसे वाटायचे, हे मात्र ठरवावे लागते. मी वरच्या तोंडाला १ आणि खालच्या तोंडाला २ मिलिमीटर ठेवले. झेड शून्य, म्हणजे उंची जिथून मोजायची ती पातळी, तयार तोंडावर असल्याने स्टॉकचे वरचे तोंड झेड १ वर आले, आणि सिम्युलेशनमध्ये फेसिंग, म्हणजे वरचे तोंड सपाट करणारा कट, व्यवस्थित दिसले.

प्लेट व्हाइसमध्ये बांधून झाल्यावर आमच्या ज्येष्ठ ऑपरेटर काकांनी टूल खाली आणता आणता विचारले, “झिरो कुठं धरलायस? कच्च्या तोंडावर की तयार तोंडावर?” मी गप्प झालो, कारण ते मी कागदावर कुठेही लिहिले नव्हते. त्यांनी सवयीने कच्च्या तोंडालाच शून्य धरले असते, तर फेसिंगचे टूल पृष्ठभागाला नुसते घासत फिरले असते आणि वरचा जादा १ मिलिमीटर नंतर काढल्यावर पॉकेट १० ऐवजी ९ मिलिमीटरच खोल उरले असते. स्टॉकची आकृती माझ्या पडद्यावर होती, मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नव्हती. त्या दिवसापासून माझ्या सेटअप शीटची पहिली ओळ ठरलेली असते : झेड शून्य तयार तोंडावर, कच्चे तोंड झेड १.० वर.

खरा घोटाळा मटेरियलमध्ये झाला. स्टॉकचा आकार एका पानावर आणि मटेरियल दुसऱ्या, टूल सेटिंग्जच्या पानावर असते. तिथे आधीपासून अ‍ॅल्युमिनियम निवडलेले होते. मी यादीतून पोलाद निवडले आणि वेग आता पोलादाप्रमाणेच येणार असे गृहीत धरले. प्रत्यक्षात त्याच पानावर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कशावरून काढायचा याचा वेगळा पर्याय असतो, आणि तो ‘टूलवरून’ असाच राहिला होता. लायब्ररीतली चार धारांची १० मिलिमीटर कार्बाइड एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारे टूल) कोणीतरी पूर्वी अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबसाठी साठवलेली होती, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये एस८००० (आरपीएम) आणि एफ२५६० (मिनिटाला मिलिमीटरमधला फीड) हे तिचेच आकडे आले. सिम्युलेशन निर्वेध पार पडले. पडेलच, कारण सिम्युलेशन आकार तपासते, टूल आणि धारक कुठे आदळतात का ते पाहते. धातू मऊ आहे की कठीण, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच.

फेसिंग ठीक झाले. एंड मिल पॉकेटमध्ये उतरली तशी कर्कश किंकाळी उठली, गडद निळ्या चिप्स दरवाजाच्या काचेवर आदळल्या आणि काकांनी फीड होल्ड, म्हणजे टूलची हालचाल थांबवणारे बटण, दाबले. टूल काढून भिंगाखाली धरले तेव्हा चारही धारांचे कोपरे जळून गोल झालेले होते. पॉकेटला जादा माल राखलेला असल्यामुळे प्लेट मात्र वाचली.

मग मी कागद घेऊन हिशेब मांडला, आणि तो आधी मांडायला हवा होता हे मनापासून पटले. कटिंग स्पीडला, म्हणजे धारेच्या मिनिटाला मीटरमधल्या वेगाला, १००० ने गुणून टूलच्या परिघाने, म्हणजे ३.१४ गुणिले व्यासाने, भागले की आरपीएम मिळतो. १० मिलिमीटरचे टूल ८००० आरपीएमने फिरले की धारेचा वेग मिनिटाला २५१ मीटर होतो. त्या पोलादासाठी त्या टूलने मला मिनिटाला १०० मीटर हवे होते, म्हणजे सुमारे ३१८० आरपीएम. आणि प्रत्येक धारेला ०.०४ मिलिमीटर धरले तर चार धारांचा फीड मिनिटाला सुमारे ५१० मिलिमीटर. प्रोग्रॅममधला फीड याच्या पाचपट होता.

दुरुस्ती करताना फीडचा पर्याय ‘मटेरियलवरून’ असा केला. जवळच्या एका पोलादाची नोंद कॉपी करून सी४५ ची नवी नोंद बनवली आणि तिच्यात पायाभूत कटिंग स्पीड, धारेमागचा फीड आणि एचएसएस (हायस्पीड स्टील) व कार्बाइड टूलसाठीची टक्केवारी स्वतः भरली. इतके करूनही आधी तयार झालेल्या ऑपरेशनमधले आकडे जुनेच राहिले, कारण सेटिंग बदलल्याने ते आपोआप बदलत नाहीत. ऑपरेशन निवडून फीड-स्पीडची फेरगणना करावी लागते. ती केल्यावर प्रत्येक टूलचा एस आणि एफ मी कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. ड्रिलचे फीड तेवढे हाताने बदलावे लागले.

दुसऱ्या दिवशी नवी एंड मिल लावून काकांनी पहिला कट सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एका वेळी एकच ओळ चालवत, आणि फीडची टक्केवारी ठरवणारा फीड ओव्हरराइड कमी ठेवून घेतला आणि आवाज ऐकत ऐकत तो शंभर टक्क्यांवर नेला. पॉकेटची खोली डेप्थ मायक्रोमीटरवर १०.०२ आली. उरलेल्या सहा प्लेट त्याच टूलवर झाल्या.